डोळा देणारीचे चित्र

सानपाडा गावच्या बालवाडीत रडत येणारी मुले उंबरठा ओलांडताच गप्प होऊ लागली, याचे श्रेय त्या वर्षी, म्हणजे १९९६ साली, सगळ्यांनी दुर्गाबाईंना दिले. कारण उघड होते. दारातून आत पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर एक पक्षी बसलेला दिसे. अंड्यासारखे गोल पोट, त्यावर जवळजवळ तेवढेच मोठे डोके, चिंचोक्याएवढी चोच, डोक्यावर न विंचरलेल्या केसांची असावी तशी एक बट आणि अगदी आखूड पाय. मान किंचित कलती होती. कुणी काही सांगत असावे आणि त्याला ते अर्धेच ऐकू आले असावे, अशी. मुलांनी त्याचे नाव गबदू ठेवले होते. गबदूला खाऊ दाखवून मग खायचा, गबदू बघतो म्हणून नाक पुसायचे, असे नियम मुलांनी आपापसात ठरवून घेतले होते आणि ते मोठ्यांच्या नियमांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळले जात होते.

दुर्गाबाई त्या बालवाडीच्या शिक्षिका. सातवी उत्तीर्ण, अंगाने बारीक, बोलण्यात मोजक्या. गावाची भातशेती नव्या शहरासाठी गेल्यानंतर घरातले पुरुष नोकऱ्यांकडे वळले. दुर्गाबाईंचे यजमान गोटीराम एका कारखान्यात लागले. बायकांच्या हातांचे काय करायचे, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता. आवणी-कापणी संपली आणि ते हात घरात परतले. अशा वेळी एका सेवाभावी संस्थेने गावात बालवाडी काढली आणि दुर्गाबाईंना तिथे आधी मदतनीस म्हणून, मग शिक्षिका म्हणून घेतले. शिकवण्याच्या कामाने ‘बाई’ हा शब्द त्यांच्या नावाला आदराचा म्हणून जोडला गेला. गावातले वडीलधारेही त्यांना ‘दुर्गाबाई’ म्हणू लागले, आणि हे त्यांना आवडत होते.

संस्थेच्या पर्यवेक्षिका राजलक्ष्मीताई महिन्यातून एकदा येत. साताऱ्याकडून येऊन वाशीच्या बाजारात स्थिरावलेल्या घरातली ही मुलगी समाजकार्याची पदवी घेऊन या कामात पडली होती आणि कामावर तिची निष्ठा होती. भिंतीवरचा पक्षी पाहून त्या दारातच थांबल्या. किती तरी वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “हा कोणी काढला?”

दुर्गाबाई म्हणाल्या, “मी.”

या एका शब्दात खोटे किती होते, हे सांगण्यासाठी दुर्गाबाईंच्या सासरची एक रीत सांगावी लागेल.

दुर्गाबाईंचे थोरले दीर नामदेव कावीळ होऊन तरुणपणीच गेले. त्यांच्या मागे राहिली त्यांची बायको पुतळा. मूल नव्हते. माहेरी परत जावे तर माहेर उरले नव्हते. ती घरातच राहिली, स्वयंपाक करू लागली, आणि ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून खेकडे आणि निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, धरून स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसू लागली. नवरा गेला तेव्हाच तिच्या नावापुढचे ‘बाई’ही गेले, ते कधी गेले, कुणाच्या ध्यानातही आले नाही. घरात धाकटी असूनही मानाच्या जागी दुर्गाबाई आल्या आणि थोरली असूनही पुतळा चुलीपाशी गेली.

या घराकडे लग्नाची भिंत काढण्याचा मान होता. गावात लग्न निघाले की यशोदाबाई, म्हणजे दोघींच्या सासूबाई, तांदळाच्या पिठाचे वाटण घेऊन त्या घरी जात आणि भिंतीवर मांडव, माड, सूर्य-चंद्र आणि समोरासमोर बसलेले दोन राघू काढून देत. पुढे त्यांचा हात थरथरू लागला. घरात तो हात दुसऱ्या कुणाला आला असेल तर तो एकट्या पुतळाला. पण शुभकार्याच्या भिंतीला विधवेचा हात लागू द्यायचा नाही, हेही तितकेच पक्के होते. यशोदाबाईंनी या दोन्हींमधून एक वाट काढली. दुपारी, घरातली माणसे पांगली की दार लावून घ्यायचे. पुतळाने भिंत काढायची. सगळे झाले की राघूंचा डोळा तेवढा मोकळा ठेवायचा. मग दार उघडायचे, दुर्गाबाईंनी पुढे व्हायचे आणि सर्वांसमक्ष काडीच्या टोकाने डोळा द्यायचा. ज्या सवाष्णीने डोळा दिला, तिचे चित्र. आहेर तिचा, ओटी तिची, नावही तिचे.

गावातल्या बायकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. सगळ्यांना ठाऊक होते. फक्त ते कुणी उच्चारत नव्हते. समाजात काही असत्ये अशी असतात की ती कुणा एकाने बोललेली नसतात. ती सर्वांनी मिळून न बोलण्यातून उभी राहतात, आणि त्यांच्या आडोशाला राहणाऱ्याला आपण खोटे वागतो आहोत असे कधी वाटत नाही. दुर्गाबाईंना तसे वाटले नव्हते. बालवाडीच्या भिंतीवर काही तरी काढा, असे संस्थेने सांगितले तेव्हा त्या सवयीने पुतळाला घेऊन गेल्या. रविवार होता, दार लावलेले होते. पुतळा थोडा वेळ कोऱ्या भिंतीकडे पाहत बसली. “हितं लगीन नाय,” ती म्हणाली, “पोरा हायत. राघू नको, जरा येडा पक्षी काढते.” उरलेल्या तैलरंगात तिने गबदू काढला, आणि डोळा मोकळा ठेवला. तिथे तिला कुणी तसे सांगितले नव्हते. दुर्गाबाईंनी डोळा दिला. त्यांनाही कुणी सांगितले नव्हते.

म्हणून ‘मी’ हे उत्तर त्यांच्या तोंडून न अडखळता आले. ते सानपाडा गावचे उत्तर होते. पण विचारणारी बाई त्या गावची नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावरचे निखळ कौतुक पाहताना दुर्गाबाईंना पहिल्यांदाच कुठे तरी बारीक टोचले. त्यांनी ते टोचणे मनावर घेतले नाही.

राजलक्ष्मीताईंनी मात्र ते कौतुक पुढे नेले. मासिक बैठकीत, सगळ्या बालवाड्यांच्या शिक्षिकांसमोर, त्यांनी दुर्गाबाईंना उभे केले. पुढच्या प्रशिक्षणात दुर्गाबाई सर्वांना एक गोंडस पक्षी काढायला शिकवतील, असे जाहीर केले. ज्यांनी कधी हातात खडू धरून चित्र काढलेले नाही त्यांच्यासाठी, एकेक पायरी करून, म्हणजे प्रत्येकीला आपल्या बालवाडीत तो काढता येईल. टाळ्या झाल्या. बैठकीत चांगुणाबाईही होत्या. सीवूड्सजवळच्या करावे गावच्या शिक्षिका आणि यशोदाबाईंच्या माहेरच्या नात्यातल्या. त्यांनी दुर्गाबाईंकडे पाहून गालातल्या गालात हसून घेतले. दुर्गाबाई तेव्हाच बोलू शकल्या असत्या. पण टाळ्या चालू असताना बोलणे अवघड असते, आणि टाळ्या थांबल्यावर ते अधिकच अवघड होऊन बसते.

आता त्यांनी काय करायला हवे होते? घरी जाऊन पुतळाला म्हणायला हवे होते की मला शिकव. पण शिकव म्हणणे म्हणजे मला येत नाही असे म्हणणे, आणि मला येत नाही असे म्हणणे म्हणजे त्या घरात जे कधीच उच्चारले गेले नव्हते ते उच्चारणे. तेवढे त्यांच्याने झाले नाही. उलट त्यांनी स्वतःची समजूत घातली. इतकी वर्षे आपण बंद दाराआड तिच्या शेजारी बसत आलो, वाटण ढवळत आलो, रेघ न् रेघ पाहत आलो. एवढे पाहिलेले हाताला येणारच. पाहणे आणि जाणणे यांत त्यांनी फरक केला नाही.

प्रशिक्षण वाशीत, संस्थेच्या सभागृहात होते. बायका सतरंजीवर बसल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात कागद, रंगखडू. दुर्गाबाई फळ्यापाशी गेल्या. खडू हातात घेतला, फळ्याच्या मधोमध टेकवला, आणि त्यांच्या हाताने जे त्याला येत होते ते केले. त्याने एक डोळा काढला.

फळ्यावर दुसरे काही नव्हते. काळ्या फळ्यावर एक गोल, त्यात एक ठिपका, आणि त्याच्यासमोर हात उंचावलेल्या दुर्गाबाई. त्या डोळ्याभोवती डोके कुठून सुरू होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे डोळा नेहमी सर्वांत शेवटी आला होता, बाकीचे सगळे तयार असताना. चांगुणाबाई बोलल्या, “दुर्गाबाई, पक्षी आत हाय का डोल्याच्या?”

बायका हसल्या. द्वेषाने नव्हे, सकाळपासून बसून कंटाळलेल्या बायका हसतात तशा. दुर्गाबाईंनी घाईघाईने डोळ्याभोवती एक रेघ फिरवली. वांगे झाले. ते पुसून दुसरी फिरवली, तीही तशीच. तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला, उजवे मनगट डाव्या हातात धरले आणि म्हणाल्या की हात मुरगळला आहे, सकाळी हंडा उचलताना.

राजलक्ष्मीताई लगेच उठल्या. त्यांनी स्वतः फळा पुसला. एवढे दुखत असताना आलात, आम्हाला सांगायचे तरी, असे म्हणत त्यांनी दुर्गाबाईंना बसवले, पाणी दिले, पुढच्या शनिवारी करू म्हणून सांगितले आणि रिक्षात बसवून दिले. रिक्षा निघताना त्यांनी दुर्गाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर दुर्गाबाईंना त्या सोसवल्या असत्या. तो हात सोसवला नाही.

घरी पोचल्यावर तेच खोटे पुन्हा सांगावे लागले, कारण मधल्या वेळात ते सोडून देण्याची संधी कुठे मिळाली नव्हती. पुतळाने काही न विचारता हळद आणि मीठ गरम केले. परसदारी पाटावर दुर्गाबाईंना बसवून तिने त्यांचे मनगट मांडीवर घेतले आणि लेप लावला. तिची बोटे चिखलाने आणि खेकड्यांच्या नांग्यांनी राठ झालेली होती, पण दाब हलका होता. तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि बांधली. दुर्गाबाई तो निरोगी हात तिच्या पुढ्यात धरून बसून राहिल्या.

दुर्गाबाईंच्या वाटणीचे पाणी आता पुतळाच भरू लागली. त्यांची धुणी, त्यांची भांडी, सगळे तिच्याकडे गेले. पण खरी गोष्ट पुढे घडली. संध्याकाळी यशोदाबाई ओटीवरून आत आल्या आणि पुतळाला म्हणाल्या, “भरलेला हंडा तिला कशाला उचलू दिलास गं? तुजे हात काय झिजले होते?”

पुतळा चुलीत लाकूड सारत होती. दुर्गाबाई तिथेच बसल्या होत्या, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. एक वाक्य पुरले असते. हंडा नव्हता, आई. हात ठीक आहे. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आले, आणि त्यांनी ते गिळले. यशोदाबाई आणखी थोडे बोलून निघून गेल्या. पुतळाने भाकरी उलटली.

आपल्यावरचा दोष दुसऱ्यावर जाताना माणूस पाहतो आणि गप्प राहतो, तेव्हा त्याला स्वतःविषयी जे कळते ते नंतर कशानेही पुसले जात नाही. दुर्गाबाईंना त्या संध्याकाळी ते कळले. आजवर पुतळाचे चित्र आपल्या नावावर होते, त्याला रीत म्हणता येत होते. आजचे त्यांनी स्वतः, जाणून केले होते. आणि मग त्यांच्या लक्षात आले की दोन्ही एकच होते. एका बाजूने तिचे चांगले आपल्याकडे येत होते आणि दुसऱ्या बाजूने आपले वाईट तिच्याकडे जात होते. वाट तीच होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना पुतळा मुकाट बसलेली होती.

दोन दिवसांनी दुपारी परसदारी पुतळा टोपली धूत होती. दुर्गाबाई तिच्यापाशी जाऊन बसल्या. त्यांना काही तरी म्हणायचे होते, पण सुरुवात सापडत नव्हती. पुतळानेच ती करून दिली. टोपलीतून मान वर न काढता ती म्हणाली, “सूज नव्हती.”

दुर्गाबाईंना समजायला क्षणभर लागले. त्यांनी विचारले, “तुला लेप लावतानाच कळलं?”

“हात लावला तवाच.”

“मग लावलास कशाला, वयनी?”

“तू हात पुढं केलास म्हनून.” पुतळाने टोपली पालथी घातली. “आनि आईसमोर सोडून दिली असती पट्टी तर तुजी फजिती झाली असती. तुला फजितीची सवय नाय.”

हे तिने टोमणा म्हणून म्हटले नव्हते. जसे खेकड्याला कुठे धरावे हे सांगावे, तसे सांगितले होते. दुर्गाबाई मान खाली घालून बसल्या. मग त्यांनी सगळे सांगितले. राजलक्ष्मीताईंना दिलेले उत्तर, टाळ्या, फळ्यावरचा डोळा, चांगुणाबाईंचे बोलणे. फळ्यावरच्या डोळ्याचे ऐकताना पुतळाला हसू आले आणि तिने ते लपवले नाही.

“शनवारी काय करनार?” तिने विचारले. मग पुतळाने चुलीतली राख आणून अंगणात पसरली, एक काटकी मोडली आणि ती दुर्गाबाईंच्या हातात दिली. त्यांच्या मनगटावरची पट्टी तिनेच सोडली.

“आदी अंडं काढ,” ती म्हणाली. “उभं नको, जरासं पडलेलं. कोंबडी उठून गेलीय आनि अंडं तसंच हाय, तसं.”

दुर्गाबाईंनी काढले. ते वेडेवाकडे झाले. पुतळाने पुसले नाही. म्हणाली की अंडे कधी गुळगुळीत नसते. मग डोके: पोटात थोडे रुतलेले, नाही तर बाहुल्यासारखे मानेवर ठेवलेले दिसते. मग चोच, पण चोच डोक्याच्या मधोमध नाही, जिकडे तो पाहणार तिकडे सरकवून. पाय आखूड, कारण लांब पायांचा पक्षी मोठा वाटतो आणि पोरांना मोठ्यांचा कंटाळा असतो. डोक्यावरची बट शेवटी, विचार न करता, एका झटक्यात. चूक झाली तरी बट चुकत नाही. दुर्गाबाईंनी राखेत एक काढला, दुसरा काढला, पुसून पुन्हा काढला. ऊन सरकत भिंतीपर्यंत गेले तेव्हा अंगणात एक पक्षी उभा होता. तो गबदू नव्हता, पण त्याच्या आत्याघरचा म्हणून खपला असता.

म्हणजे आता शनिवारची चिंता मिटली होती. दुर्गाबाई जाऊ शकत होत्या, फळ्यावर पक्षी काढू शकत होत्या, आणि हात मुरगळला होता हेच खरे ठरले असते. ते ध्यानात आल्यावर त्यांना सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. त्यांनी पुतळाला विचारले, “तुला कधी वाटलं नाय, वयनी, डोळा आपणच द्यावा?”

“वाटून काय करू?” पुतळा म्हणाली. “मी डोला दिला तर भिंत पुसाला लागेल. आनि पुसाला कोनाला लावतील? मनाच.”

ती उठली, राख झाडूने गोळा केली आणि टोपली घेऊन स्टेशनकडे निघून गेली.

शनिवारी दुर्गाबाईंच्या हातावर पट्टी नव्हती. राजलक्ष्मीताईंनी आधी हाताची चौकशी केली. बरा आहे, असे दुर्गाबाई म्हणाल्या, आणि हेही त्यांना खुपले. मग त्यांनी शिकवायला घेतले. पडलेले अंडे, रुतलेले डोके, सरकवलेली चोच. बायका कागदावर काढत गेल्या. कुणाचे अंडे बटाटा झाले, कुणाच्या चोचीला बटीएवढी लांबी आली, हशा पिकला, पण हा हशा वेगळा होता. आपलेही जमते आहे, असे कळल्यावर येणारा. राजलक्ष्मीताई रांगांमधून फिरत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. फळ्यावर सगळे झाले, डोळा राहिला. दुर्गाबाई खडू धरून थांबल्या. मग त्या वळल्या.

“हा पक्षी माझा नाही,” त्या म्हणाल्या. “सानपाड्याच्या भिंतीवरचाही नाही. तो माझ्या थोरल्या जाऊबाईंनी काढला. पुतळाबाईंनी. मला त्यांनी याच आठवड्यात शिकवलं. गेल्या शनिवारी माझा हात मुरगळला नव्हता. मला येत नव्हतं.”

कागदावरचे आवाज थांबले. दुर्गाबाईंना वाटले होते की कुणी तरी संतापेल. पहिल्या बोलल्या त्या चांगुणाबाई, आणि त्यांच्या आवाजात संताप नव्हता, त्रासिकपणा होता. “ते आमाला ठाऊक हाय गं. आमच्या मावशीच्या घरची भिंत कोन काढते ते का आमी जानत नाय? पन बोलाचं कशाला? चाललं होतं ना नीट.”

दुर्गाबाईंना वाटले होते की आपण काही उघड करतो आहोत. उघड करण्यासारखे तिथे काहीच नव्हते. ज्यांना कळायचे त्यांना कळलेले होते, आणि त्यांच्या लेखी दुर्गाबाईंचा गुन्हा चित्र स्वतःचे म्हणवण्याचा नव्हताच. तो आता घडला होता. एकट्या राजलक्ष्मीताईंना ठाऊक नव्हते. त्या सर्वांत मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, सर्वांना पक्षी पूर्ण करायला सांगितले, आणि नंतर दुर्गाबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “मी वरच्या लोकांना तुमचं नाव सांगून बसले आहे, दुर्गाबाई. माझंही चुकलं. मी एकदाच विचारलं, आणि जे ऐकलं त्यावर मला फार आनंद झाला.” मग थोडे थांबून, “त्यांना घेऊन या. पुतळाबाईंना. पुढच्या वेळी त्याच शिकवतील.”

दुर्गाबाई घरी आल्या त्या याच निरोपाचा आधार धरून. काही तरी परत देता येईल, असे त्यांना वाटत होते. पण चांगुणाबाईंचा निरोप शेजारच्या फोनवरून त्यांच्या आधी पोचला होता. यशोदाबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्या वर न पाहता एवढेच म्हणाल्या की आता भिंतीला या घरी कुणी येणार नाही. आजवर लोक येत होते ते डोळे मिटून येत होते. दुर्गाबाई आत गेल्या. पुतळाला त्यांनी सभागृहातले सगळे सांगितले आणि मग, जणू भेट पुढे करावी तसे, वाशीला येण्याचे आमंत्रण सांगितले.

पुतळाने ऐकून घेतले. “मना कशाला नेतेस?” तिने विचारले. “तुजा भार उतरवाला?”

खरेच होते ते. दुर्गाबाईंनी सभेत सत्य सांगितले होते, पण सांगताना ज्या भिंती जाणार होत्या त्या पुतळाच्या होत्या. आणि त्या भिंतींविषयी पुतळाला काय वाटते, हे त्यांनी सांगण्याआधी तिला विचारले नव्हते. चित्र घेताना विचारले नव्हते, आणि परत करतानाही विचारले नाही. त्यांची नोकरी राहिली होती. उलट संस्थेत त्यांच्या प्रामाणिकपणाचे बोलणे होणार होते. पुतळाच्या वाट्याला यशोदाबाईंचा अबोला आला होता.

म्हणून त्यांनी या वेळी विचारले. “तुला काय हवं, वयनी?”

पुतळाला हा प्रश्न कुणी विचारल्याला इतका काळ लोटला होता की ती प्रथम चुलीकडे पाहत राहिली, जणू प्रश्न तिथून आला असावा. मग ती म्हणाली की वाशीला नको, तिथल्या बायका कोण कुठल्या. पण बालवाडीची खिडकीकडची भिंत कोरी आहे. ती तिला हवी. रविवारी, दिवसा. “आनि दार लावाचं नाय,” ती म्हणाली. “बघनार त्याला बघू दे.”

हे यशोदाबाईंना सांगायचे होते. सभागृहात बोलणे त्यामानाने सोपे गेले होते; तिथे निम्म्या बायका परक्या होत्या. दुर्गाबाई ओटीवर गेल्या, सासूबाईंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “आई, रविवारी वयनी बालवाडीची भिंत काढायला जाणार आहेत. दार उघडं राहणार आहे. डोळा त्याच देतील.”

यशोदाबाईंचे हात सुपात चालत राहिले. एक खडा त्यांनी वेचून बाहेर टाकला. पूर्वी त्यांचा स्वतःचा हात भिंतीवर चालत असे, आणि तो थरथरू लागला तेव्हा त्यांनी आपली भिंत कुणाच्या हाती दिली होती, हे त्या विसरल्या नसतील.

“मंग रैवारचं जेवान कोन रांधनार?” त्यांनी विचारले.

“मी,” दुर्गाबाई म्हणाल्या.

रविवारी पुतळा एकटीच गेली. राजलक्ष्मीताई रंग घेऊन आल्या होत्या, असे नंतर कळले. दारात पोरांची आणि काही बायकांची गर्दी झाली होती, असेही. दुर्गाबाई तिथे नव्हत्या. पहिल्यांदाच पुतळा भिंतीपाशी होती आणि त्या तिच्या शेजारी नव्हत्या. त्या चुलीपाशी बसून निवट्यांचे कालवण ढवळत होत्या, आणि आता पोट झाले असेल, आता मान, असे मनात धरत असताना कालवण तळाशी लागले. भात गिचका झाला. यशोदाबाई आणि गोटीराम काही न बोलता जेवले.

पुतळा उन्हे कलल्यावर परतली. तिच्या नखांत निळा रंग होता, कपाळावरही एक डाग लागला होता. तिने हातपाय धुतले, पाटावर बसली. दुर्गाबाईंनी तिला वाढले. पहिला घास घेताच पुतळाला लागलेल्या कालवणाचा वास कळला असणार, पण ती जेवत राहिली आणि थोडे आणखी मागितले.

भिंतीवर काय काढले, हे विचारण्याचा धीर दुर्गाबाईंना झाला नाही. त्यांनी तिच्या ताटात भात वाढला आणि सकाळची वाट पाहायचे ठरवले.